क, स्त्री, वय आठ

पहिली टिचकी मला बसली ती मिरजेच्या भाजी मंडईत, शेवग्याच्या शेंगा निवडताना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. चष्म्याच्या उजव्या काडीने कानामागे दोनदा हलकेच टकटक केलं. याचा अर्थ वीस फुटांच्या आत माझ्यासारखं कुणीतरी होतं. मी शेंगा खाली ठेवल्या आणि मान वर करून पाहिलं. दीडदोनशे माणसं होती आणि सगळी एकसारखीच दिसत होती.

उलट टिचकी द्यायची की नाही हे आपल्या हातात असतं. काडीवर बोट टेकवलं तरच समोरच्याला कळतं, नाहीतर दोघं आपापल्या वाटेने जातात. मी बोट टेकवलं. पलीकडे कांद्यांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीनेही टेकवलं. त्या मुजुमदार बाई निघाल्या, सातवीतल्या माझ्या वर्गशिक्षिका. 'ऐनापुरे, बोलताना माझ्या डोळ्यांत बघ' असं म्हणून ज्यांनी मला अर्धं वर्ष वर्गाबाहेर उभं केलं, त्याच. हे सांगताना त्या स्वतः खिडकीकडे बघत असत, ते मला त्या मंडईत उभी असताना आठवलं.

बाई म्हणाल्या, मला माझ्या वडिलांनी छडी मारून डोळ्यांत बघायला शिकवलं, मी तुला छडीशिवाय शिकवत होते. एवढं बोलून त्या कांदे घेऊन चालू लागल्या. जाताना निरोप वगैरे काही नाही. आमच्यात तो लागत नाही.

आमच्यात म्हणजे ऑटिझम असलेल्यांत. मराठीत आम्हाला स्वमग्न म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. स्वतःतच मग्न असतो तर एवढी वर्षं बसमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, आपल्यासारखं आणखी कुणी दिसतंय का हे शोधत कशाला फिरलो असतो? मी लग्नाला जायची ती वधूवरांसाठी नाही. हॉलच्या कोपऱ्यात पंख्याखाली एकटं उभं राहून झुंबराचे दिवे मोजणारं कुणी असतं का ते बघायला जायची. कधी असायचं. पण जाऊन विचारायचं काय?

तो प्रश्न चष्म्याने सोडवला. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. दोन माणसं बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याची पापणी बोलणाऱ्याच्या वाक्याच्या शेवटी मिटते. वाक्य संपतं, श्वास घेतला जातो आणि त्या पाव सेकंदात दोघांचे डोळे बरोबर मिटून उघडतात. हे कुणी शिकवत नाही आणि करणाऱ्याला कळतही नाही. बहुतेक माणसं आयुष्यभर अशी एकमेकांबरोबर पापण्या मिटत जगतात आणि त्यालाच मोकळेपणा, आपुलकी, चांगला माणूस वगैरे म्हणतात. आमची पापणी समोरच्याच्या वाक्याला बांधलेली नसते. म्हणून आम्ही पहिल्या दोन मिनिटांतच लोकांना खटकतो आणि का खटकलो हे त्यांनाही सांगता येत नाही.

इथवर जुनं होतं. नवा शोध असा लागला की आमच्यातले दोघं एकाच वस्तूकडे बघत असले, फिरणारा पंखा म्हणा, उकळणारं दूध म्हणा, तर आमच्या पापण्या एकत्र मिटतात. तेही इतर लोकांपेक्षा जास्त काटेकोर. आमची जुळणी एकमेकांच्या चेहऱ्यावर होत नाही, तिसऱ्या वस्तूवर होते. चष्म्याच्या फ्रेममधला कॅमेरा स्वतःच्या आणि समोरच्याच्या पापण्या मोजतो. आपली लय त्याला पंधरा दिवसांत कळते. मग तशाच लयीचं कुणी जवळ आलं की टिचकी.

युनूसभाईंची टिचकी मला दुसऱ्या महिन्यात बसली, त्यांच्या दुकानावरून जाताना. युनूस शिकलगार तंबोरे करतात. मिरजेत ते करणारी घराणी आहेत, पण हे एकटे, मागच्या गल्लीत, पाटीसुद्धा नसलेल्या खोलीत. मी आत गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "पंख्याचा आवाज चालतोय का? नाहीतर बंद करतो." मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मी अर्धा तास काही न बोलता त्यांचं काम बघत बसले. तेही काही बोलले नाहीत. इतकी चांगली भेट त्याआधी माझी कुणाशी झालेली नव्हती.

तिथून रविवार सुरू झाले. दर रविवारी चार वाजता दुकानाच्या आतल्या खोलीत एक लांब बाक, भिंतीकडे तोंड करून. मुजुमदार बाई यायच्या, आगारातले एक वाहतूक नियंत्रक यायचे, मी आणि युनूसभाई. आमचा नियम एकच होता. बोलून झालं की 'झालं' म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याने अंदाज बांधत बसायला नको. बाहेरच्या माणसाने हे पाहिलं असतं तर चार माणसं भिंतीला गाऱ्हाणं सांगतायत असं त्याला वाटलं असतं. मला मात्र आठवड्यातले सहा दिवस त्या बाकाच्या जोरावर ढकलता यायचे.

शनिवार-रविवारी झोया असायची. युनूसभाईंची मुलगी, आठ वर्षांची. त्यांचा आणि रुबीनाचा तलाक झालेला, आणि मुलगी आठवड्याचे पाच दिवस आईकडे, दोन दिवस बापाकडे अशी वाटलेली. झोया बाकावर बसत नसे. तिचं काम ठरलेलं होतं. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते आणि नेमक्या जागी आला की स्वर एकदम उमलतो, खोलीभर गुणगुणत राहतो. त्याला जवारी खुलणं म्हणतात. घोडी घासून युनूसभाई जवारी तयार करायचे आणि दोऱ्याची जागा झोया शोधायची. ती तारेकडे बघायची, बापही तारेकडे बघायचा. ती दोरा सरकवत जायची आणि ज्या क्षणी स्वर उमलायचा त्या क्षणी दोघं एकदम मान हलवायचे. एकमेकांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. युनूसभाई सांगायचे, माझ्या वडलांनासुद्धा इतकी अचूक जागा सापडत नव्हती.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या रक्ताचा थेंब मिसळायचा आणि गुठळी होते का बघायचं, हे माझं एकवीस वर्षांचं काम. यंत्र निकाल देतं, पण मी यंत्राच्या निकालावर तशीच सही करत नाही. काच उचलून दिव्यापाशी धरते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते. चष्म्याच्या बाबतीतही मी तेच केलं. अठराच्या आतल्या मुलांची टिचकी चष्म्याने द्यायची नाही असा नियम आहे. पण मूळ नोंद पुसली जात नाही. एका रविवारी घरी येऊन मी ती उघडली. तीन रेषा होत्या, माझी, युनूसभाईंची आणि झोयाची. स्वर उमलत होता तिथे तिन्ही एकाच बिंदूवर खाली येत होत्या. झोया आमच्यातली होती.

मला आनंद झाला, हे आधी कबूल करते. मी दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी दुकानात गेले आणि युनूसभाईंना कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मला ठाऊक हाय, ताई. ती पाळण्यात होती तवाच कळलं मला. पर हे कुठं निघायचं न्हाई. झोयाचं नाव कुठल्याबी कागदावर येऊ द्यायचं न्हाई." मी म्हणाले, नाही येणार. मी दिलेला शब्द मोडत नाही, आणि हाही मोडला नाही.

तोवर गावात वारं फिरलेलं होतं. आम्हाला शोधायला काढलेलं यंत्र लोकांनी एकमेकांना तोलायला घेतलं. पापण्या किती जुळतात त्याला जुळणीचा अंक म्हणू लागले. नोकरीच्या मुलाखतीत तो अंक, शाळेच्या प्रवेशाला तो अंक. लग्नाच्या परिचयपत्रात गोत्र आणि उंचीच्या मध्ये 'जुळणी ८७' असं छापून येऊ लागलं. कांदेपोहे द्यायला आलेल्या मुलीकडे मुलाची आई बघायची सोडून चष्म्यातल्या आकड्याकडे बघत बसे. मला हसू यायचं. मला नकार आकड्याशिवायच आले होते, आठ वेळा.

रुबीनाला पुण्यात चांगली नोकरी लागली आणि तिने झोयाला पूर्णवेळ मागितलं. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं. तिथे आता नियमच झाला होता, आईबापाची मुलाशी जुळणी किती ते बघायचं. रुबीनाची झोयाशी अठ्ठावीस निघाली. युनूसभाईंची नऊ.

त्यांच्या वकिलाने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं, कारण बापलेकीला एकत्र पाहिलेली, सरकारमान्य संस्थेत नोकरी असलेली एकटी मीच होते. न्यायाधीशांच्या आधी समुपदेशकांना भेटायचं असतं. अहवाल त्यांचाच आणि बहुतेक निकालही त्याच अहवालावर लागतो. होनमाने मॅडम नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी मला पाणी दिलं, डोक्यावरची ट्यूब त्रास देत्येय का विचारलं आणि ती बंद केली. त्या वाईट बाई असत्या तर मला फार सोपं गेलं असतं.

त्या म्हणाल्या, अनोळखी माणसाशीसुद्धा पन्नासच्या आसपास येतात, आणि इथे बाप असून नऊ. म्हणजे या माणसाचं मुलीशी काही जुळतच नाही असं मला लिहावं लागेल.

हे चूक होतं. मत म्हणून नाही, मोजमाप म्हणून चूक होतं. त्यांनी चेहऱ्यावर मोजलं होतं आणि ती दोघं चेहऱ्यावर जुळणारी नव्हतीच. लोक समजतात आम्हाला खोटं बोलता येत नाही. येतं की. 'कशी आहेस?' या प्रश्नाला मी रोज सातआठ वेळा 'मजेत' असं खोटं उत्तर देते. पण चुकीचा निकाल समोर टेबलावर पडलेला असताना गप्प बसणं मला जमत नाही. एकवीस वर्षं माझी नोकरी त्या न जमण्यावरच चाललेली आहे. गप्प बसले तर माणूस मरतो.

मी त्यांना तिसऱ्या वस्तूचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण पुरावा मागितला. पुरावा मी आणलेलाच होता. तीन रेषांचा तो कागद मी आदल्या दिवशी नीट करून घेतला होता. आमच्या पेढीतून एखादा नमुना बाहेर तपासायला पाठवायचा तर त्यावर नाव घालत नाहीत, अक्षर, लिंग आणि वय एवढंच लिहितात. त्यानंतर तो नमुना कुणाचाच नसतो. मी तसंच लिहिलं होतं. अ, स्त्री, वय चव्वेचाळीस. ब, पुरुष, वय एकोणचाळीस. क, स्त्री, वय आठ.

कागद त्यांच्यापुढे ठेवताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. युनूसभाईंचं काम होणार होतं आणि शब्दही राहणार होता.

होनमाने मॅडमनी कागद पाहिला. मग चष्मा काढून पुन्हा पाहिला. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"म्हणजे मुलगीही तशीच आहे," त्या म्हणाल्या.

"नाव मी सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिचा अर्थ लागायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. बसमधून उतरताना लागला. मी थांब्यावरच्या बाकड्यावर बसले आणि मला सात वर्षांची भाची असती तर तिलाही क म्हणजे कोण ते कळलं असतं, असं मोठ्याने म्हणाले. शेजारची बाई उठून लांब जाऊन उभी राहिली.

निकाल महिन्याभराने आला. तिन्ही रेषा होनमाने मॅडमनी मान्य केल्या होत्या, एकही आकडा खोडला नव्हता. बाप आणि मुलगी एकमेकांशी उत्तम जुळतात असंच लिहिलं होतं, आणि तोच धोका आहे असंही. मुलगी आठ वर्षांची आहे, अजून सुधारणा शक्य आहे, म्हणून तिला लयवर्गात घालावं. तिथे लहान मुलांना एक चष्मा देतात. समोरच्याचं वाक्य संपलं की तो बारीक हिसका देतो आणि मूल पापणी मिटायला शिकतं. पुढे हिसका लागत नाही. जुळणी साठच्या वर जाईपर्यंत समान लयीच्या व्यक्तींचा सहवास टाळावा. समान लयीच्या व्यक्ती म्हणजे बाप.

निकालाच्या दिवशी जिन्यात रुबीना भेटली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. "सात वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघत बसले, एकदा तरी माझ्याकडे बघेल म्हणून. तुम्ही रविवारी भिंतीकडे तोंड करून बसता, बसा. माझ्या मुलीनं जन्मभर भिंतीकडंच बघायचं का?" तिचे डोळे भरले होते. मी तिच्या खांद्यावरच्या पर्सच्या चेनकडे बघत राहिले. तिची भीती खोटी नव्हती. माझ्या चव्वेचाळीस वर्षांनी ती खरी ठरवली होती.

युनूसभाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि रेषा बोटाने तपासल्या.

"बरोबर हाईत," ते म्हणाले. "नाव घातलं न्हाईस."

"नाही घातलं."

"मग मीच नीट सांगितलं न्हाई." आणि त्यांनी चष्मा काढून कानशीच्या डब्यात ठेवला.

मला त्याचा राग आला. माझ्यावर रागवायचा त्यांचा हक्क होता आणि तो त्यांनी माझ्या तोंडावर टाकायला हवा होता. चूक कुठे झाली ते शोधून, ती स्वतःच्या नावावर लावून, हा माणूस कानस उचलून कामाला लागला. पुढच्या रविवारी बाक होता, पण कुणी बोललं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मुजुमदार बाई आल्या नाहीत, त्यांच्या मुलाने चष्मा काढून घेतला होता. आगारातल्या नियंत्रकांच्या खात्यात जुळणीची चाचणी लागली आणि त्यांनी माझ्याशी रस्त्यातसुद्धा ओळख दाखवणं बंद केलं. कारण कळवून मग बंद केलं, एवढं मात्र खरं. मी चष्मा घालतच राहिले. मंडईत, स्टँडवर, दवाखान्यात. सुरुवातीला आठवड्याला दोनतीन टिचक्या बसायच्या. मी बोट टेकवायची आणि पलीकडून कुणी टेकवायचं नाही. वीस फुटांवर कुणीतरी आहे आणि ते लपतंय, एवढंच कळायचं. हळूहळू तेही थांबलं.

चौदा महिन्यांनी युनूसभाईंचा फोन आला. झोयाची जुळणी बासष्ट झाली होती आणि तिला महिन्यातून एक दुपार दुकानात यायची परवानगी मिळाली होती. ते म्हणाले, तू ये. एकट्याला जमायचं नाही मला.

मी गेले. झोया उंच झाली होती. तिने उठून माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "कशा आहात मावशी?" मी 'मजेत' म्हणाले. माझा शब्द संपला तिथे तिची पापणी मिटली, अगदी वेळेवर. पुण्यातल्या शाळेचं, मैत्रिणींचं ती भरभरून बोलली. तिला मैत्रिणी होत्या, चार. त्या वयात मला एकही नव्हती, हे मी स्वतःला बजावत होते. युनूसभाई खाली मान घालून ऐकत होते. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बोलत होती आणि त्यांनी वर बघावं म्हणून मधेमधे थांबत होती. एकदा त्यांनी वर बघितलं. त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं.

मग त्यांनी नवा तंबोरा पुढे घेतला. घोडी घासून तयार होती. सुताचा दोरा त्यांनी तिच्या हातात दिला. बाकी काही सांगितलं नाही, कधी सांगावं लागलंच नव्हतं.

झोयाने दोरा तारेखाली घातला. युनूसभाईंनी तार छेडली. मुकी होती. तिने दोरा थोडा सरकवला. त्यांनी पुन्हा छेडली. युनूसभाई तारेकडे बघत होते, मी तारेकडे बघत होते. झोया बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे काही उमटतंय का, ओठ हलतायत का, हे बघत ती दोरा सरकवत होती. नेमकी जागा आली. स्वर उमलायला लागला, खोली भरायला लागली. तिच्या लक्षात आलं नाही. बापाचा चेहरा हलला नव्हता, तो कधीच हलत नाही. ती पुढे गेली आणि तार पुन्हा मुकी झाली. तिथे ती थांबली.

"अब्बा, बराबर है?" तिने विचारलं.

या माणसाने बिघडलेल्या जवारीचे सोळा तंबोरे गिऱ्हाइकाच्या दारातून परत आणलेले मला ठाऊक आहेत. एका मोठ्या गवयाला त्याच्या तोंडावर 'तुमचा कान गेलाय' म्हणालेला माणूस. तो मुक्या तारेकडे बघत राहिला.

"हां बेटा," ते म्हणाले. "बराबर है."

झोयाचा चेहरा खुलला. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, बरोबर आहे ना?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं, मुजुमदार बाईंनी शिकवलं होतं तसं, आणि म्हणाले, "हो. अगदी बरोबर."

माझं वाक्य संपलं आणि तिची पापणी मिटली.